ताई, त्या कोऱ्या कागदासाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवा जुन्या फायली आवरताना तुमच्या शेजारी बसून केलेला पहिला ग्राफ सापडला. ग्राफ म्हणजे कोड न लिहिता, छोटी छोटी कामं करणारे चौकोन, म्हणजे नोड, वायरींनी जोडून बनवलेला प्रोग्रॅम. त्यात अवघे नऊ नोड आणि एक पिवळी चिठ्ठी. तो उघडला आणि बराच वेळ तसाच बघत बसले. तुमचे आभार मी तेव्हा तोंडी मानले होते, पण आपण नेमके कशाबद्दल आभार मानतोय हे तेव्हा मला नीटसं कळलेलं नव्हतं. आता कळतंय. पत्र उघड लिहितेय, कारण नगररचनेच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात व्हिज्युअल प्रोग्रॅमिंग शिकू पाहणारे कितीतरी जण आज त्याच जागी अडलेले मला दिसतात, जिथे मी अडले होते. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही हाती पडावं असं वाटतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या ग्राफमध्ये दीडशेच्या आसपास नोड होते. इकडून तिकडून उचललेले तुकडे, एकमेकांवरून गेलेल्या वायरी. सात भूखंडांवर इमारतींचे ढोबळ आकार उभे करायचे आणि प्रत्येकाचं चटई क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ, मोजायचं, एवढंच काम होतं. ते चाललंही होतं. मग भूखंडांच्या हद्दी बदलल्या, नवी रेघ फायलीत आली आणि अर्धा कॅनव्हास, म्हणजे नोड मांडायचा पडदा, चूक झाल्याची खूण म्हणून लाल झाला. उरलेला अर्धा लाल झाला नाही, पण त्यातल्या इमारती रस्त्याच्या बाजूला चिकटून मागे मोकळी जागा सोडू लागल्या. ते जास्त भयंकर होतं.

तुम्ही फाइल उघडायलाही सांगितली नाहीत. एक कोरा कागद पुढे सरकवलात आणि म्हणालात, "या भूखंडावर इमारत कशी बसते ते मला वाक्यांत लिहून दे. सॉफ्टवेअरचं नाव घ्यायचं नाही."

मी चार वाक्यं लिहिली. रस्त्याच्या बाजूने ६ मीटर सोडायचे, बाकीच्या बाजूंनी ३. मधलं अंगण किमान १२ मीटर रुंद. मजल्याची उंची ३ मीटर. मंजूर चटई क्षेत्र भरलं की थांबायचं. तुम्ही पहिल्याच वाक्यावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "रस्त्याची बाजू कोणती, हे त्याला कोण सांगणार?"

माझ्या ग्राफमध्ये रस्त्याची बाजू म्हणजे "२ क्रमांकाची कड" होती. हद्दीची रेघ कोणत्या कोपऱ्यापासून काढायला घेतली त्यावर तो क्रमांक ठरत होता. नवी रेघ काढणाऱ्याने सुरुवात दुसऱ्या कोपऱ्यातून केली आणि माझा रस्ता इमारतीच्या मागे गेला. तीन दिवस मी ज्या दोषासाठी वायरी तपासत होते, तो कोणत्याच वायरीत नव्हता. मी रस्ता कधी ग्राफला सांगितलाच नव्हता. मग आपण कागदावर पाचवं वाक्य लिहिलं: जिचा मध्यबिंदू रस्त्याच्या मध्यरेषेला सगळ्यांत जवळ, ती रस्त्याची कड. हे वाक्य ग्राफमध्ये मांडायला चारच नोड लागले. हद्द कुणीही, कुठूनही काढो, ते चुकत नाही. कोपऱ्यावरचे भूखंड सोडून. त्यांना दोन रस्ते असतात, हेही तुम्ही तेव्हाच लिहून ठेवायला लावलंत.

त्यानंतर तुम्ही दीडशे नोड बाजूला ठेवायला लावलेत आणि एका भूखंडावर, एका साध्या चौकोनावर सुरुवात करायला सांगितलंत. तेव्हा मला राग आला होता, हे आज कबूल करते. मुदत जवळ आली होती आणि तुम्ही मला चौकोन काढायला लावत होतात. पण प्रत्येक नोडनंतर एक पॅनेल जोडून आत काय आलं, बाहेर काय गेलं ते वाचायची सवय मला त्याच चौकोनाने लावली. हद्द आत सरकवायची तर ती बाहेरच का सरकते? कारण वक्राची, म्हणजे हद्दीच्या रेघेची, दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आहे की उलट, यावर आत-बाहेर ठरतं. दोन्हीकडे सरकवून ज्याचं क्षेत्रफळ कमी ते ठेवायचं, ही तुमची युक्ती मी आजही वापरते. एकके मिलिमीटर की मीटर, सर्वेक्षणाचे निर्देशांक मूळ बिंदूपासून फार लांब का ठेवू नयेत, या गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्यात. त्यांनी माझे किती तास वाचवले याचा हिशोब नाही.

आणि मग ते मजल्यांचं प्रकरण. त्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय.

६०० चौरस मीटरचा तळ, २४ मीटर उंची, ३ मीटरचा मजला. मी शून्यापासून २४ पर्यंत दर ३ मीटरला एक आडवा छेद घेतला, सगळ्या छेदांची क्षेत्रफळं मिळवली आणि ५,४०० हा आकडा तुम्हाला दाखवला. कुठेही लाल नाही, कुठेही इशारा नाही. तुम्ही चूक आहे असं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "आता हाताने कर." आठ मजले, सहाशे प्रत्येकी, ४,८००. मी दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि पाहतच राहिले. शून्य ते २४ या रेषेवर दर तिसऱ्या मीटरला खुणा केल्या तर त्या नऊ होतात. नववी खूण गच्चीची. मी गच्ची चटई क्षेत्रात धरली होती, साडेबारा टक्के जास्त.

तुम्ही उत्तर सांगून टाकू शकला असतात. दहा सेकंदांचं काम होतं. त्याऐवजी मी बोटांवर मोजत असताना तुम्ही पंधरा मिनिटं शांत बसून राहिलात. ग्राफमध्ये लाल काही नाही म्हणजे उत्तर बरोबर आहे, हा माझा समज त्या पंधरा मिनिटांत गेला. तेव्हापासून एकही ग्राफ मी एका हाताने केलेल्या हिशोबाशिवाय पुढे पाठवलेला नाही.

सात भूखंडांकडे वळलो तेव्हा याद्या आल्या. ताई, नवशिक्यांची खरी गाडी इथे अडते असं माझं ठाम मत आहे, आणि शिकवणारे नेमके इथूनच घाईने पुढे जातात. सात भूखंड आणि तीन उंच्या एकाच नोडला जोडल्या तर काय होतं? ग्रासहॉपर या व्हिज्युअल प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन उंच्या संपल्या की शेवटची उंची उरलेल्या चार भूखंडांना लागत राहते. डायनॅमो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा लहान यादी संपली की काम तिथेच थांबतं आणि तीनच इमारती उभ्या राहतात. प्रत्येक भूखंडावर प्रत्येक उंची हवी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं, तेव्हा एकवीस मिळतात. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याला कोणतं हवंय ते आधी ठाऊक असावं लागतं. तुम्ही खरोखरचे लिफाफे घेऊन बसलात. एका भूखंडाच्या इमारती एका लिफाफ्यात. फ्लॅटन म्हणजे सगळे लिफाफे टेबलावर रिकामे करणं, ग्राफ्ट म्हणजे प्रत्येक चिठ्ठीला स्वतःचा लिफाफा देणं. चिठ्ठ्या एकदा टेबलावर ओतल्या की कोणती कुठली हे सांगता येत नाही, म्हणून फ्लॅटन करण्यापूर्वी थांबून विचार करायचा. डेटा ट्रीबद्दल, म्हणजे याद्यांच्या या फांद्यांसारख्या मांडणीबद्दल, मी नंतर पुष्कळ वाचलं, पण डोक्यात राहिले ते लिफाफेच.

तुम्ही एकदा सांगितलं होतंत की डेव्हिड रुटन यांनी २००७ साली ग्रासहॉपर आणलं तेव्हा त्याचं नाव "एक्स्प्लिसिट हिस्टरी" होतं, म्हणजे उघड मांडलेला इतिहास. मला ते जुनं नाव जास्त आवडतं. आकार कसा झाला याची प्रत्येक पायरी कॅनव्हासवर दिसत राहते, कुणालाही मागे जाऊन ती बदलता येते. पण पायरी दिसते, तिच्यामागचं कारण दिसत नाही. म्हणून तुमचा तो हट्ट: प्रत्येक गटाला नाव, आणि शेजारी पिवळ्या चिठ्ठीवर "हे का केलं" याचं एक वाक्य. त्या नऊ नोडांच्या ग्राफमध्ये तुम्ही टंकलेली चिठ्ठी अजून आहे: "६ मीटर नियमामुळे, १२ मीटर आपल्या मतामुळे." हा फरक इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवलेला मी दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. सहा मीटरवर चर्चा होत नाही. बारा मीटरवर व्हायलाच हवी.

पुढे मी ऑटोडेस्क फॉर्मा या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करू लागले, तेव्हा हे सगळं जसंच्या तसं कामी आलं. सूर्यप्रकाश, वारा, आवाज यांचे अंदाज तिथे रेखाटनाच्या टप्प्यातच मिळतात आणि डायनॅमोचा ग्राफ जोडून आकारही तिथेच उभे करता येतात. पहिल्यांदा मी नुसते घन आकार पाठवले. दिसायला इमारती, पण मजल्यांचा पत्ता नाही, त्यामुळे क्षेत्रफळही नाही. मग तुमचा कागद आठवला. प्रत्येक मजल्याची बंद आकृती आणि तिची उंची असं पाठवलं, तेव्हा हिशोब लागला. गच्ची न धरता.

स्लायडरबद्दलही, म्हणजे सरकवून आकडा बदलायच्या पट्ट्यांबद्दलही, आभार मानायचे आहेत. मी तेवीस ठेवले होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. तुम्ही विचारलंत, "यातले चारच ठेवले आणि प्रत्येकाच्या दहा जागा धरल्या, तर पर्याय किती?" दहा हजार. "ते बघणार कोण?" मग तुम्ही एकेक स्लायडर हातात घेतल्यासारखा विचारत गेलात: हा बदलला तर तुझा निर्णय बदलेल का? नाही म्हटलं की तो स्थिर आकडा झाला. शेवटी चार उरले: अंगणाची रुंदी, उंची, दोन इमारतींमधलं अंतर आणि रस्त्याकडची लांबी.

त्यातल्या अंतराला तुम्ही सूर्याशी बांधलंत, म्हणजे एका इमारतीची सावली दुसरीवर पडू नये इतकं ते ठेवायचं, आणि माझ्यासाठी तो सगळ्यांत सुंदर धडा होता. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवशी, दुपारी सूर्याची उंची म्हणजे नव्वदातून अक्षांश आणि आणखी साडेतेवीस अंश वजा. २० अंश अक्षांशावर २४ मीटरच्या इमारतीची सावली सुमारे २३ मीटर पडते. ५० अंशांवर तीच इमारत ८० मीटरच्या आसपास सावली टाकते. तोच ग्राफ, एक आकडा बदललेला, आणि शहराची सगळी वीणच बदलते. मी तो आकडा मागेपुढे करत किती वेळ बसले होते! आकारांमागचं कारण तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर हललं. त्या संध्याकाळी घरी जाताना मला वाटलं, हे काम आपल्याला आयुष्यभर करायचंय.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी अजून जुळत नाही. आत मजकुरात कोड लिहायचे नोड वापरू नकोस, वायरी दिसल्या पाहिजेत, असं तुम्ही सांगायचात. सुरुवातीला ते अगदी योग्य होतं. पण रस्त्याची कड शोधायचा भाग, कोपऱ्यावरच्या भूखंडांसकट, मी आता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आठ ओळींत लिहिते. त्या ओळी चार नोडांहून आणि त्यांच्या पोटातल्या अटींहून वाचायला सोप्या आहेत असं मला वाटतं. वर पिवळी चिठ्ठी आहे. तुम्ही बघाल तेव्हा रागवा, पण आधी वाचून बघा.

गेल्या आठवड्यात सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा हद्द बदलली. या वेळी भूखंड एकोणीस होते. मी नवी रेघ जोडली, ग्राफ चालवला, तीन भूखंडांचा हिशोब हाताने ताडून पाहिला. सतरा ठिकाणी इमारती जागेवर बसल्या. दोन भूखंड इतके चिंचोळे झाले होते की १२ मीटरचं अंगण त्यांत मावेना, आणि माझ्या ग्राफने तिथे काहीच न काढता नुसती खूण करून ठेवली होती, तुम्ही शिकवलं होतंत तशी. पूर्वीची मी त्या दोघांसाठी आणखी चाळीस नोड जोडत रात्र घालवली असती. मी कागद घेतला आणि त्या दोन इमारती हाताने काढल्या. त्यातल्या एकीचं अंगण रस्त्याकडे उघडं ठेवलंय. आज सगळ्यांना तीच आवडली. नकाशा सोबत जोडतेय, वेळ मिळेल तेव्हा बघा.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
चौकोनापासून सुरुवात केलेली विद्यार्थिनी