स्पॅनिशमधील आघातचिन्ह शोभेचे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील परकीय भाषांविषयीच्या लेखात ‘स्पॅनिश जशी लिहितात तशीच वाचतात’ असे म्हटले आहे. हे विधान खरे आहे, परंतु स्वरांच्या डोक्यावरची तिरकी रेघ जमेस धरली तरच. आणि नेमकी तीच रेघ सोबतच्या शब्दतक्त्यातून सर्वत्र गळाली आहे.

नियम मोजके आहेत. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर येतो, अन्य व्यंजन असेल तर अंत्य अक्षरावर. म्हणून बार्-से-लो-ना या नावात ‘लो’वर जोर पडतो आणि मा-द्रिद् या नावात ‘द्रिद्’वर. न आणि स यांनाच ही सवलत का, असे माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. त्याचे कारण व्याकरणात सापडते: पुष्कळ नामांचे अनेकवचन स लागून आणि क्रियापदाचे तृतीयपुरुषी अनेकवचन न लागून होते, त्यामुळे ‘कासा’चे (घर) ‘कासास’ झाले तरी जोर ‘का’वरून हलत नाही. जोर या नियमाबाहेर गेला की रेघ द्यावी लागते. ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’. शेवटच्या ‘ओ’वर रेघ दिली की तेच ‘तो बोलला’ होते.

आघात ठरवायचा तर आधी अक्षरे नीट तोडता आली पाहिजेत. दोन स्वरांमधील जोडव्यंजन बहुधा फुटते आणि त्याचा पहिला भाग मागच्या अक्षराला चिकटतो, हे वृत्तांतील लघु-गुरू शिकलेल्या मराठी वाचकाला नवे नाही. ‘ब्ल’, ‘द्र’ यांसारखे जोड मात्र अखंड राहतात. खरी अडचण ‘इ’पुढे ‘आ’ आला की होते. एरवी ही जोडी एकच अक्षर मानली जाते, पण ‘इ’वर रेघ असली की तिची दोन अक्षरे होतात. से-क्रे-ता-ऱ्या म्हणजे स्त्री सचिव, तर से-क्रे-ता-री-आ म्हणजे सचिवालय. माझ्या एका विद्यार्थिनीने अर्जात नको तिथे रेघ ओढली आणि ‘मी सचिवालय आहे’ असे लिहून बसली!

मराठी वृत्तपत्रे ‘व्हॅलेन्सिया’ आणि ‘अँडालुसिया’ ही नावे एकाच साच्यात छापतात. मुळात पहिल्यात तीन अक्षरे आहेत, दुसऱ्यात पाच. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक करणाऱ्या आपल्या लिपीला ‘वालेन्स्या’ आणि ‘आंदालुसीआ’ असे लिहिणे मुळीच जड नाही.

रोमन लिपीतील शब्दांवर मात्र मूळ चिन्हेच हवीत. मथळ्यातील मोठ्या (कॅपिटल) अक्षरांवर ती लागत नाहीत, हा समज स्पेनमध्येही आढळतो. तथापि 1713 साली स्थापन झालेल्या तेथील शाही भाषा अकादमीचे नियम मोठ्या अक्षरांनाही सूट देत नाहीत. तो तक्ता दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपला,
एक स्पॅनिश शिक्षक, पुणे