गडकोटांचे फोटो फॉरवर्डमध्ये विरून जाऊ नयेत

महोदय,

पावसाळा उताराला लागला की मोबाइल आणि कॅमेरे घेऊन हौशी फोटोग्राफरांची पावले सह्याद्रीकडे वळतात. त्यांतल्या अनेकांचा हात व्यावसायिकाइतका तयार असतो. पण हे फोटो शेवटी जातात कुठे? रविवारी रात्री ग्रुपवर पडतात, त्यांवर अंगठे उमटतात आणि आठवड्याभरात शोधूनही सापडत नाहीत. पुढे कधीतरी तोच फोटो कडा कापून, रंग भडक करून, ‘साभार : इंटरनेट’ अशा ओळीसह परत येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. गडांवर जिथे जिथे डागडुजी होते, पायऱ्या बसतात, फलक लागतात, तिथे आधीची स्थिती दाखवणारा फोटो हाच पुढे पुरावा ठरतो. म्हणून तो काढण्याइतकीच त्याच्या जतनाची आणि प्रसाराची नीट पद्धत हौशी मंडळींनी अंगी बाणवावी, असे कळकळीने वाटते.

आधी नुकसान कुठे होते ते पाहू. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे चित्राचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. शिवाय फोटो कधी, कुठे आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही एक्झिफ माहितीही पुसली जाते. फाइल दाबून लहान करण्याचा हा प्रकार सह्याद्रीच्या फोटोंना विशेष जाचतो. गवताची पाती, पाषाणाचा पोत, धुक्यातल्या हलक्या छटा या सगळ्याचा चिखल होतो, आभाळात पट्टे दिसू लागतात. नुसते फॉरवर्ड केल्याने चित्र आणखी बिघडत नाही. गॅलरीतून उचलून पुन्हा पाठवले किंवा स्क्रीनशॉट काढला की बिघडते. ‘एचडी’ पर्याय निवडल्यास चित्र मोठे जाते, पण मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. इन्स्टाग्रामवर रुंदी १०८० पिक्सेलच्या घरात येते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्यातून जेमतेम नऊ सेंटिमीटरचे चित्र निघेल. ही माध्यमे दाखवण्यापुरती चांगली आहेत. जपून ठेवायला त्यांचा उपयोग नाही.

जतन आणि प्रसार दोन्ही साधणारी माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे विकिमीडिया कॉमन्स. २००४ पासून चालू असलेले हे मुक्त चित्रांचे भांडार आहे. मराठी विकिपीडियावरच्या गडांच्या, गावांच्या, मंदिरांच्या लेखांना इथूनच चित्रे मिळतात. विकिपीडियाचे खाते इथेही चालते. ‘अपलोड विझार्ड’ उघडायचा, फाइल निवडायची, ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ असे नोंदवायचे, परवाना निवडायचा, मग नाव, वर्णन, तारीख, ठिकाण आणि वर्ग भरायचे. आयफोनवाल्यांची गाडी पहिल्याच पायरीला अडते, कारण त्यांचा फोटो एचईआयसी स्वरूपात असतो आणि कॉमन्स ते घेत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीईजीमध्ये येतात. कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची फाइलही चालत नाही. ती जेपीईजी करूनच चढवावी. त्या वेळी रंगप्रणाली एसआरजीबी, म्हणजे बहुतेक पडद्यांना चालणारी, ठेवावी, नाहीतर बऱ्याच पडद्यांवर हिरवा रंग मरगळलेला दिसतो.

खरी किंमत आहे ती नावाला आणि वर्णनाला. ‘लोहगडाचा दरवाजा’ असे लिहून भागत नाही, कारण तिथे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे आहेत. चढणाऱ्याला वळणावळणाने अडवणारी ती रचनाच लोहगडाचे वैशिष्ट्य आहे. ‘लोहगड, नारायण दरवाजा, बाहेरून, नोव्हेंबर २०२४’ एवढे फाइलचे नाव हवे. त्याखाली दोन वाक्यांत कॅमेरा कुठल्या दिशेला होता, उजव्या बुरुजाची पडझड किती, कमानीवर शिल्प आहे का, हे लिहावे. वर्णन आधी मराठीत लिहावे आणि खाली इंग्रजीतही द्यावे, म्हणजे परदेशातल्या अभ्यासकालाही ते सापडते. वर्ग निवडताना ‘महाराष्ट्रातील किल्ले’ या मोठ्या ढिगात फोटो टाकू नये. थेट त्या गडाचा वर्ग निवडावा. कॅमेऱ्याचे घड्याळ तपासून घ्यावे. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की तारीख मूळपदावर जाते आणि चुकीच्या तारखेचा फोटो पुरावा म्हणून कुचकामी ठरतो. सगळ्यात शेवटी मराठी विकिपीडियावरचा संबंधित लेख उघडून चित्र तिथे बसवावे. प्रसिद्धी म्हणतात ती इथे मिळते, कारण कॉमन्सवर फाइलच्या पानाखालीच ती कोणकोणत्या भाषांतल्या लेखांत वापरली आहे हे दिसते.

बऱ्याच जणांचे फोटो कॉमन्सवरून काढले जातात आणि मग ते नाउमेद होतात. कारणे ठरावीक असतात. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून उतरवलेल्या फाइलच्या पोटात ‘एफबीएमडी’ने सुरू होणारी खूण असते. ती दिसली आणि चित्रही लहान असले की तिथल्या स्वयंसेवकांना चोरीचा संशय येतो. उपाय एकच : एक्झिफसह मूळ फाइल चढवावी. फोटो आधी दुसरीकडे प्रसिद्ध झाला असेल तर कॉमन्सच्या परवानगी पथकाला ईमेल पाठवून मालकी कळवावी. दुसरे कारण म्हणजे गडावरच्या माहितीफलकाचा किंवा भिंतीवरच्या रंगचित्राचा फोटो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांचे फोटो काढून वापरण्याची मोकळीक देते. रंगचित्रे, छापील फलक, भित्तिचित्रे यांना ही सवलत नाही. गणेशमंडळाची आरास किंवा रांगोळीही कायमस्वरूपी नसते, तेव्हा कलाकाराची परवानगी घेणेच सरळ. तिसरा अडथळा भल्या मोठ्या वॉटरमार्कचा. चोरी त्याने थांबत नाही, कोपरा कापला की नाव गेले. आणि कॉमन्सवर तर तो नकोच असतो. नाव फाइलच्या आत, आयपीटीसी या छायाचित्रकाराच्या माहितीसाठी ठरलेल्या रकान्यांत लिहावे. डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर शेकडो फोटोंवर ते एकदम लिहून देते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूतही छायाचित्रकाराचे नाव कायमचे भरून ठेवता येते.

परवाना मात्र समजून-उमजून द्यावा. ‘सीसी बाय-एसए ४.०’ या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा अर्थ असा, की कुणीही, अगदी व्यापारासाठीही, फोटो वापरू शकतो; पण नाव आणि परवाना लिहिला पाहिजे, फोटोत बदल केला तर तसे सांगितले पाहिजे आणि बदललेले चित्रही त्याच अटीवर खुले ठेवले पाहिजे. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. ‘व्यापारी वापर नको’ अशी अट घालायची असेल तर कॉमन्स ही जागा नव्हे. त्यासाठी फ्लिकर हे फोटोंचे संकेतस्थळ बरे. तिथे परवाना आपल्या मर्जीने ठरवता येतो, एक्झिफ दिसते, पण मोफत खात्याला १००० फोटोंची मर्यादा आहे. माझे मत विचाराल तर वारसास्थळांचे फोटो मुक्त परवान्याखाली द्यावेत आणि विक्रीयोग्य निसर्गदृश्ये हवी तर स्वतःकडे ठेवावीत. माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या फोटोंना मात्र हा परवाना विचारल्याशिवाय लावू नये. वारीतल्या माउलीचा चेहरा उद्या कशाच्या जाहिरातीवर झळकेल, सांगता येत नाही.

शिलालेख आणि वीरगळ (लढताना मरण पावलेल्या वीराची स्मारकशिळा) यांवर थोडे थांबायला हवे, कारण हौशी फोटोग्राफर सर्वाधिक मोलाची भर इथे घालू शकतात. मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की आवारातल्या वीरगळी हलवल्या जातात, कधी बांधकामाच्या पायात गाडल्या जातात, कधी त्यांवर ऑइलपेंट चढतो. शिलालेखाचा फोटो समोरच्या उन्हात कधीच साधत नाही. पूर्वाभिमुख शिळेवर सकाळचे ऊन सरळ पडते आणि अक्षरे सपाट होतात. तेच ऊन दुपारी बाराच्या सुमारास वरून घासत उतरते, तेव्हा प्रत्येक रेघेच्या कडेला सावली धरते आणि झिजलेला काना-मात्राही उठून दिसतो. शिळा सावलीत असेल तर मोबाइलचा फ्लॅश बंद करून टॉर्च शिळेच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, एका बाजूने धरावा. एक फोटो डावीकडून उजेड देऊन, एक वरून. उभ्या रेघा एका फोटोत स्पष्ट येतात, आडव्या दुसऱ्यात. कॅमेरा शिळेच्या अगदी समोर, समांतर हवा. तिरका धरला तर अक्षरांची मापे बिघडतात. कोपऱ्यात सेंटिमीटरची पट्टी ठेवावी. अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल किंवा पाणी अजिबात लावू नये. दगडाची हानी होतेच, शिवाय खडू फिरवणाऱ्याने चुकीची रेघ ओढली तर पुढचा वाचक तीच खरी मानतो.

वीरगळीचा आधी पूर्ण फोटो घ्यावा, मग प्रत्येक कप्प्याचा स्वतंत्र, खालून वर या क्रमाने. तळाशी लढाई किंवा वीराचा मृत्यू, त्यावर अप्सरांनी त्याला नेणे, वर शिवपूजा आणि माथ्याशी चंद्र-सूर्य, अशी कथा साधारणपणे खालून वर चढते. कड्यांवर लेख असू शकतो, म्हणून दोन्ही बाजू आणि पाठही टिपावी. ती आज कुठे, कशी उभी आहे हे दाखवणारा एक दुरून घेतलेला फोटोही हवा.

ठिकाणाची नोंद गडांना लावावी, पक्ष्यांच्या घरट्यांना मुळीच नको. घुबडाच्या ढोलीचा पत्ता पसरला की कॅमेऱ्यांची रांग लागते आणि पक्षी जागा सोडतो. घरट्याचे फोटो प्रसिद्धच करू नयेत. आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केल्यास धोक्यातल्या अनेक प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप धूसर होते. तिथला मूळ परवाना अव्यापारी वापराचा असतो. तोच फोटो कॉमन्सवर जावा असे वाटत असेल तर सेटिंगमध्ये बदलून घ्यावा.

राहिली स्पर्धांची गोष्ट. ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही वारसास्थळांची छायाचित्रस्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये भारतही तीत उतरला. ती सप्टेंबरात असते. फोटो कधीही काढलेला चालतो, अपलोड मात्र स्पर्धेच्या मुदतीतच व्हावा लागतो. जुन्या हार्डडिस्क उघडायला हे चांगले निमित्त आहे. याउलट काही स्थानिक स्पर्धांच्या नियमांत ‘आलेल्या सर्व छायाचित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. बक्षीस तिघांना, हक्क सगळ्यांचे, हे योग्य नाही. कॉपीराइटचे हस्तांतर कायद्याने लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते धरले जाते. आयोजकांनी हक्क मागू नयेत, स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरती वापराची परवानगी मागावी. स्पर्धकांनीही पहिल्या फेरीला लांब बाजू २००० पिक्सेलची प्रत पाठवावी आणि मूळ फाइल निवड झाल्यावरच द्यावी.

संपादक महोदय, वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. वाचकांचे फोटो छापताना ‘समाजमाध्यमावरून साभार’ ही ओळ बंद व्हावी. फोटो कुणाचा हे कळत नसेल तर तो छापू नये. कॉमन्सवरचा घेतला तर त्याखाली छायाचित्रकाराचे नाव, ‘विकिमीडिया कॉमन्स’ आणि ‘सीसी बाय-एसए ४.०’ किंवा जो परवाना असेल तो, एवढे एका ओळीत मावते. ई-आवृत्तीत परवान्याची लिंकही देता येते. वाचकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकासोबत ईमेलही द्यावा आणि ‘मूळ फाइल, ठिकाण, तारीख व छायाचित्रकाराचे नाव आवश्यक’ असे आवाहनातच छापावे.

– एक छायाचित्रकार वाचक, पुणे