लिनक्स बसवून देणाऱ्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं, अपडेट मारलेस का?" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय, आता गपचूप वाच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा लॅपटॉप काही ११ घेईना, टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर यादीत नाही, बाकी मशीन एकदम धडधाकट. जो तो म्हणे नवीन घे. लिनक्सवाले (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम वापरणारे) मित्र म्हणे बिनधास्त टाक, सगळं चालतं. काय चालणार नाही ते आधी सांगणारी तू एकटीच. फोटोशॉप सरळ बसणार नाही, मॅक्रोवाल्या (आत छोटे प्रोग्रॅम असलेल्या) एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मोफत ऑफिसमध्ये, नखरे करतील, अँटी-चीटवाले (चीटिंग पकडणारे) बरेच गेम सुरूच होणार नाहीत, प्रिंटर-स्कॅनरचं आधी तपासावं लागेल. आणि मग विचारलंस, यातलं तुला रोज काय लागतं? तिथेच निम्मं काम झालं, कारण माझं जवळपास सगळं ब्राउझरमध्येच चालतं. (लिनक्सच्या प्रेमात पडलेल्यांना हे असं बोलणं जमत नाही, राग मानू नका.)

तरी तू लगेच पेनड्राइव्ह घेऊन बसली नाहीस. आधी विंडोजवरच फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी वापरायला लावलंस, सिस्टिम मागाहून बदलू म्हणालीस. मला वाटलं टाळतेय. पण मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) बसल्यावर बघतो तर रोजचे प्रोग्रॅम तेच, सवयी त्याच, नवीन शिकायचं एवढंच की सेटअप फाइली नेटवर शोधत फिरायचं नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं.

बसवताना तर तुझा कडकपणा बघण्यासारखा होता. बॅकअप घेतला म्हटलं तर "त्यातल्या चार फाइली उघडून दाखव". आयएसओचा, म्हणजे मिंटच्या इन्स्टॉल फाइलचा, चेकसम (फाइल नीट उतरलीय का ते दाखवणारा कोड) जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग लाइव्ह यूएसबीवरून बूट करून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून, डिस्कला हातही न लावता आवाज, ब्राइटनेस, स्लीपमधून मशीन नीट उठतंय का सगळं बघून घेतलं. वायफाय दिसेना तेव्हा माझा चेहरा पडला, तू शांतपणे फोन केबलने जोडलास, यूएसबी टिथरिंगवर नेट आलं आणि ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर आणला, विषय संपला.

मॅक्रोच्या फाइलींसाठी त्याच लॅपटॉपवर मिंटशेजारी विंडोजही ठेवलं, नेट न जोडता. त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करायला लावलंस तेव्हा कारणही सांगितलंस, की ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, मग लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) काही लिहिता येत नाही. घड्याळाचंही तसंच, विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणून इकडून तिकडे गेलं की वेळ चुकलेली. टर्मिनलमध्ये एक ओळ टाकली आणि भांडण मिटलं. ती ओळसुद्धा तू मलाच टाइप करायला लावलीस, आणि वर दम, की सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) सुरू होणारी कमांड काय करते ते कळल्याशिवाय एंटर मारायचा नाही. हा नियम अजून पाळतोय बरं का.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिलंस त्याचे वेगळे आभार, हे पत्र त्यावरच टाइप केलंय.

स्कॅनर मात्र तू म्हणालीस तसा अजून चालत नाहीये. टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (काही बिघडलं तर सिस्टिम होती तशी परत आणायला) घेऊन ठेवलाय, कधी बघायला येतेस ते कळव.