समान कायदा, पण कुणासारखा?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

समान नागरी कायद्याला, म्हणजे लग्न, घटस्फोट, वारसा यांसाठी सगळ्या धर्मांना एकच कायदा असावा याला, माझा पाठिंबा आहे का, असं तू विचारलंस. आहे, अगदी मनापासून. पण ‘त्यांची’, म्हणजे मुसलमानांची, ‘चार लग्नं बंद होतील’ एवढ्यावरच तू थांबलास, ते मला पटलं नाही. कायदा समान व्हायचा तर आपल्याही घरातलं बरंच काही बदलेल.

मृत्युपत्राचंच घे. हिंदू बाप आपली स्वकष्टाची सगळी मिळकत मुलाच्या नावे करू शकतो, मुलीला एक पैसा न देता. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, हा अन्यायच. पण तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. त्यामुळे लेकीला पुरतं बेदखल करणं अवघड. मग नव्या कायद्यात घ्यायचं काय? मला वाटतं, वाटा मुलाइतका हवा आणि तो काढून घ्यायची मुभा बापालाही नको. हे हिंदूंना रुचेल? १९५१ मध्ये हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे सुधारणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी राजीनामा दिला, तो विरोध कुणाचा होता?

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. तिथे निम्मी मिळकत मुलाबाळांसाठी राखीव असते, ती मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी, आणि जमीन विकायला दोघांच्या सह्या. मात्र हिंदू पुरुषाला ठरावीक परिस्थितीत दुसरं लग्न करू देणारी १८८० ची तरतूदही त्याच व्यवस्थेत होती. म्हणून नुसत्या ‘समान’ या नावावर मी विसंबत नाही.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्यात मुस्लिम बायका सातच होत्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान कायदा आणा, असं त्या भररस्त्यात मागत होत्या. केवढं धाडस! कायदा लिहिताना आधी अशा बायकांना विचारायला हवं. तू आणि मी नंतर.

आणि आपल्याकडे? वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी वारसनोंदीची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, येतं, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते.

काकांच्या जमिनीची वारसनोंद अजून व्हायची आहे ना? ताईची सही घेऊ नकोस. तिचं नाव सातबाऱ्यावर लागू दे. ती नको म्हणाली तरी एकदा निवांत बसून तिला तिचा वाटा समजावून सांग, आणि मला कळव.

तुझा,
जुना मित्र