भाचीच्या बालसंगोपनासाठी धावलेल्यांचे आभार

माझी भाची आता माझ्याकडे, चोपडा तालुक्यात राहते. तिचे आईवडील दोघेही गेले. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून तिला महिना २,२५० रुपये सुरू झाले आहेत, आणि ज्यांच्यामुळे झाले त्यांतल्या बऱ्याच जणांची नावेही मला ठाऊक नाहीत.

अंगणवाडीच्या ताई, ही योजना आहे हे तुम्हीच पहिल्यांदा सांगितलेत. अनाथ मुलांनाच मिळते असे मला वाटायचे. आई किंवा वडील एकच गेले असतील तरी अर्ज करता येतो, हेही तुमच्याकडूनच कळले. म्हणून आमच्या गल्लीतल्या आणखी एका माउलीने फॉर्म भरला.

शाळेच्या गुरुजींनी बोनाफाईड हातोहात दिला. मृत्यूच्या दाखल्यावर मेहुण्यांचे नाव एक अन् आधारवर दुसरे. सेतू केंद्रातल्या त्या पोराने जेवण बाजूला सारून माझे प्रतिज्ञापत्र तयार करून दिले. आणि जळगावला बालकल्याण समितीसमोर जाताना माझे हातपाय गळाले होते, तेव्हा बाकावरच्या अनोळखी आजी म्हणाल्या, "घाबरू नको माय, व्हई जाई काम." त्यांच्या मांडीवरही नातूच होता. आजी, तुमचेही काम झाले असेल अशी मनापासून आशा आहे.

कापूस वेचणीच्या मजुरीत शाळेचा खर्च निघत नव्हता. आता वह्या, गणवेश, एसटीचा पास वेळेवर होतो. तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे.