सोनं नाही बाबा, शिसं आहे

ती. आई-बाबा, सा.न.

परवा फोनवर बाबांनी परत तेच विचारलं, मेटल डिटेक्टर घेऊन शेतात फिरतोस, सोनं लागलं का रे, म्हणून म्हटलं आता सविस्तर लिहूनच टाकतो. नाही लागलं. पण ग्रुपवर तो पांढरट गोळा टाकला होता ना, ताई ज्याला दगड म्हणाली, तो काय आहे ते कळलं. मस्केट बंदुकीची गोळी आहे, शिशाची. शिसं इतकी वर्षं जमिनीत राहिलं की वर असा पांढरा थर येतो, आणि हातात घेतलं की एवढीशी वस्तू एवढी जड कशी असं वाटतं. गोळीच्या मधून साच्याच्या जोडाची बारीक रेघ जाते आणि एका जागी जरा चपटं आहे, तिथून शिसं ओतलं आणि मग उरलेलं टोक छाटलं. इथे इंग्लंडमध्ये अशी गोळी सापडली की लोक लगेच 1642 ते 1651 च्या यादवी युद्धात जाऊन पोचतात, पण अशा गोळ्या त्यानंतरही खूप वर्षं चालल्या, त्यामुळे नुसत्या गोळीवरून साल सांगणं म्हणजे थापाच.

धातू कुठला ते मी घरीच तपासलं, बाबा तुम्हाला हे आवडेल. आधी कोरडं वजन केलं, 31.4 ग्रॅम. मग किचनच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य केला आणि गोळी दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून धरली, तळाला न टेकवता. काट्यावर 2.8 आलं, म्हणजे गोळीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. 31.4 भागिले 2.8 म्हणजे 11.2, आणि शिशाची घनता 11.3, म्हणजे जुळलंच. चांदी असती तर 10.5 च्या आसपास आलं असतं, पितळ असतं तर साडेआठ, आणि सोनं असतं तर 19 च्या वर, मग मी हे पत्र लिहीत बसलो नसतो. अगदी छोट्या, पातळ वस्तूला मात्र हे जमत नाही, साध्या काट्याला तेवढा फरक कळतच नाही.

डिटेक्टर मशीनच्या स्क्रीनवर नंबर येतो त्यावर माझा फारसा विश्वास नाही. तो धातूचं नाव सांगत नाही, वस्तूतून वीज किती सहज वाहते आणि तिचा आकार केवढा यावरून येतो, म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनची चावी आणि सोन्याची अंगठी दोन्हींना सारखाच नंबर येऊ शकतो. खणल्याशिवाय पर्याय नाही.

दुसरा फोटो, ती पिवळी पातळ चकती, जिला आई 'मोहर' म्हणाली. मोहर नाही गं, नाणंच नाही ते. जेटन म्हणतात, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला बनायचे, पितळेचे, पूर्वीचे व्यापारी पाटावर चौकटी आखून त्यावर हे मांडून हिशोब करायचे. एका बाजूला मधे गुलाब आणि भोवती मुकुट आणि लिलीचं फूल आळीपाळीने, दुसऱ्या बाजूला क्रॉस लावलेला गोल. कडेने अक्षरं आहेत, पुसट, तिरका टॉर्च मारला की हान्स क्राउविंकेल वाचता येतं, तो बनवणारा. मला तरी हे सोन्यापेक्षा भारी वाटतं, पण तुम्ही हसणार माहितीये.

आणि आई, चिंच लावून घासून टाक म्हणालीस ते मात्र अजिबात नाही! तांब्या-पितळेवर जो हिरवा थर येतो ना, अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच उरलेली असतात, आंबट लावलं की थर गेला आणि अक्षरंही गेली, मग हातात नुसती चकचकीत चकती. मी जेमतेम माती सुटेल एवढंच साध्या पाण्याने धुतो.

बाबांना काळजी वाटते पोलीस पकडतील म्हणून, तर ज्याचं शेत त्याची परवानगी घेऊनच जातो, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेत मशीन नेतच नाही. 300 वर्षांहून जुनी वस्तू असेल आणि वजनाच्या निदान 10 टक्के सोनं किंवा चांदी असेल तर 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे 14 दिवसांत कळवावं लागतं (एकट्या नाण्याला हा नियम नाही, दोन किंवा जास्त एकत्र मिळाली तर आहे). बाकीच्या बहुतेक वस्तू दाखवायची सक्ती नाही तरी मी दाखवतो, प्रत्येक भागाला एक फाइंड्स लायझन ऑफिसर असतो, तो बघून नोंद करतो, आणि सापडल्याची जागा नीट लिहून ठेवली असेल तर त्या नोंदीला खरी किंमत येते.

आता एक वस्तू राहिली, तिसरा फोटो. बोटाएवढी लांब हिरवी पट्टी, एका टोकाला फट आणि त्यात रिव्हेटची दोन भोकं, दुसरं टोक जिभेसारखं निमुळतं. मला वाटतं चामड्याच्या पट्ट्याच्या टोकाला लावायची असावी, पण मागून पूर्ण सपाट आहे आणि कानशीने घासल्यासारखे ओरखडे आहेत. शेजारी मोजपट्टी ठेवून पुढून, मागून, कडेने असे फोटो पाठवतोय. बाबा, तुम्ही आयुष्यभर कानस चालवलीत, झूम करून बघा आणि सांगा ते ओरखडे हाताचे वाटतात का मशीनचे, म्हणजे ऑफिसरकडे न्यायच्या आधी मला कळेल.

तुमचा,
बंड्या