मोमिनाबादचे कागद वाचून देणाऱ्या मास्तरसाहेबांस

आदरणीय मास्तरसाहेब,

सविनय सलाम आणि नमस्कार.

आमच्या अंबाजोगाईच्या वाड्याचे खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेले, खरेदीदारांच्या बँकेने रक्कम अदा केली आणि मालमत्ता पत्रकावर त्यांच्या नावाचा फेरही ओढला गेला. या व्यवहाराला ज्यांचा हात लागला त्या सर्वांना आपापला मोबदला मिळाला. दलालाला दोन्ही बाजूंची दलाली, वकिलांना फी आणि दस्तलेखकाला त्याचे पैसे पोचले. आमचे जुने उर्दू कागद वाचून देणाऱ्या आपण मात्र पाकीट परत केलेत आणि "द्यायचंच असेल तर चार ओळी लिहून द्या" असे म्हणालात. त्या चार ओळी लांबणार आहेत. त्या उघड पत्रातून लिहिण्याचे कारण इतकेच की, आमच्यासारख्या कागदांच्या पत्र्याच्या पेट्या मराठवाड्यात अजून अनेक घरांत आहेत आणि त्या उघडण्याची वेळ बहुधा घर विकायला काढल्यावरच येते.

आमचा वाडा जुन्या गावठाणातला, दगडमातीच्या भिंतींचा आणि माळवदाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच घरांच्या जड छतांखाली माणसे गाडली गेली, आणि तेव्हापासून आमच्या भागात माळवदाच्या घराला घर म्हणून गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले आहे. किंमत होते ती खालच्या जागेची. ढेळजेचे कोरीव खांब पाहून लोक कौतुक करतात आणि लगेच विचारतात, "पाडायला किती लागतील?" आम्हा भावंडांपैकी कोणीही आता गावात राहत नाही, आईला जिने चढवत नाहीत, त्यामुळे विकण्याचा निर्णय एकमताने झाला आणि आत्यांनीही खळखळ न करता सह्या देण्याचे कबूल केले. गिऱ्हाईकही चांगले मिळाले. रुग्णालयात नोकरी करणारे तरुण जोडपे होते. महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत घेण्यासाठी खरेदी पत्नीच्या नावे ठरली आणि इसारपावतीही झाली.

अडले ते पुढे. बँकेच्या वकिलांनी मालकीची साखळी मागे नेता नेता आजोबांच्या वेळचे नोंदणीकृत वाटणीपत्र काढले. त्यात एका ओळीत "सदर घर पूर्वी गहाण होते" असा उल्लेख होता. गहाण कोणाकडे होते, कधी होते आणि ते सुटले की नाही, याविषयी पुढे अवाक्षर नव्हते. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे इतक्या जुन्या गहाणाचा दावा केव्हाच बाद झालेला असतो, हे त्या वकिलांनाही ठाऊक होते. परंतु बँकेला युक्तिवाद चालत नाही, कागद लागतो. नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा आणि कराच्या पावत्या मालकी सिद्ध करत नाहीत, आणि मालमत्ता पत्रकावरील नोंदी नगर भूमापनाच्या मागे जात नाहीत. त्याआधीचे जे काही होते ते आईच्या पेटीतल्या तीन पिवळ्या कागदांत होते. ते तिन्ही उर्दूत होते, कारण 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि आमच्या गावाचे नावही त्या कागदांत मोमिनाबाद असे आहे.

उर्दू येणारी माणसे आमच्या गावात कमी नाहीत. आम्ही शिकल्या-सवरलेल्या तरुणांना कागद दाखवले. त्यांनी शिक्का वाचला, एखादे नाव वाचले आणि थांबले. हे लिखाण शिकस्ता वळणाचे आहे, कारकुनाने घाईत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळून लिहिले आहे, छापील उर्दू वाचणाऱ्याला ते लागत नाही, हे आम्हाला आपल्याकडे आल्यावर कळले. आपण चष्म्यावर भिंग धरून पहिला कागद उन्हाच्या तिरिपेत कलता केलात आणि म्हणालात, "हा बैनामा आहे, म्हणजे खरेदीखत, खुर्दाद 1346 फसलीचा." निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सालात 590 मिळवायचे आणि इसवी सनाचे नवे वर्ष लागल्यानंतरचा महिना असेल तर 591, असे सांगून आपण बोटांवर हिशेब केलात. 1937 चा एप्रिल निघाला. आमच्या पणजोबांनी हे घर कधी घेतले, याचे घरात सांगितले जाणारे साल त्याहून कितीतरी वेगळे होते.

रकमेची गोष्ट तर मी अनेकांना सांगितली आहे. आकडा सियाकमध्ये, म्हणजे हिशेबनिसांच्या खुणांच्या लिपीत होता आणि नेमका त्यावर तेलाचा डाग पडला होता. आम्ही हिरमुसलो, पण आपण पुढची ओळ वाचत राहिलात. जुने लेखनिक रक्कम लिहिल्यावर तिची निम्मी रक्कमही अक्षरांत लिहीत, कोणी मागाहून आकडा फिरवू नये म्हणून. "ज्याचे निम्मे तीनशे पंचवीस होतात" एवढे शब्द शाबूत होते. घर सहाशे पन्नास रुपये हालीला, म्हणजे निजामाच्या नाण्यांत, घेतले होते. सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रजी रुपये), हेही आपण सांगितलेत. आजच्या दस्तांना बायोमेट्रिक अंगठा, छायाचित्र आणि दोन साक्षीदार असतात, तरी फसवणुकीच्या बातम्या थांबत नाहीत. निम्म्या रकमेची ती जुनी युक्ती मला फारच शहाणपणाची वाटली.

दुसरा कागद रहननामा निघाला. बैनाम्यानंतर काही वर्षांनी पणजोबांनी घर सावकाराकडे गहाण टाकले होते. त्याच कागदाच्या पाठीवर, आम्ही ज्याला शाई फुटल्याचा डाग समजत होतो, तिथे रक्कम पूर्ण पोचल्याची आणि रहन सुटल्याची सावकाराच्या सहीची नोंद होती. तिसऱ्या कागदावर त्याच रकमेची वेगळी पावती होती. बँकेचा मुख्य आक्षेप तिथेच मिटला.

तरीही मी आपले आभार मानते आहे ते त्याहून अधिक दक्षिणेच्या बाजूसाठी. बैनाम्यातील चतुःसीमेत पूर्व, पश्चिम आणि उत्तर स्पष्ट होत्या. दक्षिणेला बोळ असा उल्लेख होता आणि त्यापुढचा शब्द वाळवीने खाल्लेला होता. त्याचे पहिले अक्षर, मीम (उर्दूतला 'म'), तेवढे शिल्लक होते. तो शब्द ममलूका असता तर बोळ आमच्या मालकीची ठरली असती, आणि मुश्तरका असता तर शेजाऱ्यांशी सामाईक. दोन्ही शब्द मीमनेच सुरू होतात. आमच्या घरात ती बोळ आपलीच, असे पिढ्यानपिढ्या मानले गेले. दलालाने चौरस फुटांच्या भावात तिचे क्षेत्र धरून किंमत सांगितली होती, आणि जाहीर नोटीस प्रसिद्ध होताच शेजाऱ्यांनी नेमक्या त्याच बोळीवर लेखी हरकत घेतली होती. दलाल आपल्यासमोर बसून म्हणाला, "मास्तर, मालकीची लिहून टाका, कोण बघायला येतंय?" आपण शांतपणे म्हणालात, "मी वाचून देतो. वाळवीनं खाल्लेलं भरून देत नाही." भाषांतरात आपण त्या जागी लिहिलेत: "यापुढील शब्द नष्ट, पहिले अक्षर मीम, पुढे वाचता येत नाही."

त्या क्षणी माझ्या भावाचा चेहरा पडला, हे आपण पाहिले असेलच. जागेच्या बाजारात प्रत्येक जण कागदात असेल त्यापेक्षा चार शब्द जास्त बोलतो. "क्लिअर टायटल" आणि "रोड टच" हे शब्द तर जाहिरातीत इतके स्वस्त झाले आहेत की ते वाचून कोणी थांबतही नाही. तिथे एक माणूस रिकामी जागा रिकामीच ठेवतो, हे आम्हाला प्रथम परवडणारे वाटले नाही. पण प्रतिज्ञापत्रासह दिलेले आपले भाषांतर बँकेच्या वकिलांनी वाचले तेव्हा त्यांचे बोट त्याच ओळीवर थांबले आणि ते म्हणाले की, ज्याने हे लिहिले त्याचे बाकीचे वाचनही मी मान्य करतो. त्यांनी दुसरा वाचक मागितला नाही. शेजाऱ्यांनाही ती प्रत दाखवली. आम्ही बोळीवर मालकी सांगत नाही, केवळ जुनी वहिवाट लिहितो, हे पाहून त्यांनी हरकत मागे घेतली आणि संमतीपत्रावर सही केली. बोळीचे क्षेत्र वगळल्याने किंमत काहीशी उतरली. शेजाऱ्यांची हरकत दिवाणी न्यायालयात गेली असती तर त्या फरकाच्या कितीतरी पट पैसे आणि आईच्या हयातीतली वर्षे खर्ची पडली असती, याविषयी आता आम्हा भावंडांत दुमत नाही.

आपण वयोमानाप्रमाणे आता रोज बसत नाही, तरी असे कागद घेऊन कोणी आले तर परत पाठवत नाही, असे कळले. आपल्या परवानगीशिवाय मी आपले नाव आणि पत्ता कोणाला दिलेला नाही; तरी विचारणाऱ्यांना काय सांगावे, ते कळवावे.

मूळ तिन्ही कागद रिवाजाप्रमाणे खरेदीदारांच्या स्वाधीन केले असून ते आता कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या ताब्यात राहतील. त्यांना आपल्या भाषांतराची एक प्रत टाचून दिली आहे. सियाक शिकू इच्छिणाऱ्या मुलांना दाखवण्यासाठी आपण रहननाम्याची झेरॉक्स मागितली होती, ती दोन्ही बाजूंनी काढून, सावकाराचे नाव झाकून, या पत्रासोबत पाठवत आहे. पाठीवरची नोंद पहिल्या प्रतीत पुसट आली होती, म्हणून गडद काढलेली दुसरीही जोडली आहे.

आपली नम्र,
वाड्याची थोरली लेक